ओहोटीच्या बायका, कलम चार

७ एप्रिल, सोमवार

ही वही आमच्या मत्स्य खात्याची आहे. बारानिको साहेब म्हणाले, "नेई तेबोरा, एक उरलीय. घेऊन जा, नाहीतर उंदीर खातील." नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मनातलं कुणाला सांगायची सवय मोडली आहे. वहीला सांगून बघू.

आज एवढंच झालं की टपालात चौसष्ट पानांचा मसुदा आला. प्रशांत महासागरातल्या सगळ्या बेटांनी मिळून किनाऱ्याच्या मासेमारीचं दहा वर्षांचं धोरण ठरवायचं आहे. साहेबांनी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "तुम्ही आकडेवाल्या. आकडे बरोबर आहेत का बघा."

आकडे बरोबर आहेत. आकडे नेहमीच बरोबर असतात.

९ एप्रिल, बुधवार

आकडे बरोबर आहेत, पण शब्द चुकलेत.

कलम चारमध्ये लिहिलंय, 'मच्छीमार म्हणजे नौकेतून, जाळ्याने किंवा गळाने मासे पकडणारी व्यक्ती.' हे मी तीनदा वाचलं. मग पान एकावन्नवरचा नकाशा बघितला. आमच्या गावासमोरचं खाजण, जिथे ओहोटीला निम्म्या गावच्या बायका कंबर मोडेपर्यंत बून, म्हणजे चिखलातले शिंपले, काढतात, ते राखाडी रंगवलंय. खाली लिहिलंय, 'वापरात नसलेली चिखलाची जमीन.' आणि भराव टाकून नवी जमीन करायची झाल्यास अशा जागा आधी घ्याव्यात, असं कलम नऊ सांगतं.

घरी आले तर आई बुनाचे शिंपले नारळाच्या दुधात शिजवत होती. मी म्हटलं, "आई, हे तू कुठून आणलंस?"

"कुठून म्हणजे? खाजणातून."

"तिथे कुणी जात नाही."

"मग मी कोण, भूत?" आणि तिने मला जास्तीची वाटी वाढली.

१० एप्रिल, गुरुवार

साहेबांना दाखवलं. त्यांनी नकाशावरच्या राखाडी भागावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "फिजीला, सुवाच्या बैठकीला मी जाणार आहे. पण रिकाम्या हाताने जाऊन काय बोलू? त्या बायका किती काढतात, कुणी मोजलंय?"

"नाही."

"बरं," एवढंच म्हणून ते जेवायला गेले. मोजा म्हणाले नाहीत, मोजू नका म्हणाले नाहीत. आमचे साहेब असेच अर्धवट बोलतात. माणूस चांगला आहे, पण ठाम नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेत. पाणी पार लांब गेलं होतं. तराजू घेऊन खाजणात गेले. मी कचेरीची माणूस झाल्याला इतकी वर्षं झाली की पायाला चिखल ओळखू येईना. दोनदा आपटले. बायका हसून हसून बसल्या.

अकेनेता आमच्या बायकांची पुढारी. शाळेत माझ्या शेजारी बसायची. तिने करंडी मागे लपवली.

"तराजू कशाला आणलायस?"

"मोजायला."

"आज मोजशील. उद्या परवाना मागशील. परवा म्हणशील, अकेनेता, परवाना संपला, चिखलात पाय टाकू नकोस."

"असं कोण म्हणेल?"

"तूच. सरकारी सदरा घालून येशील आणि म्हणशील." तिने शिंपले उकरायचा चमचा चिखलात खुपसला आणि पाठ फिरवली. बाकीच्यांनीही फिरवली. सव्वीस पाठी.

मला रागही आला आणि लाजही वाटली. कारण ती म्हणते तसं होऊ शकतं. होड्यांचं तसंच झालं होतं. आधी नोंद, मग परवाना.

१६ एप्रिल, बुधवार

तराजू घरी ठेवला आणि नुसती करंडी घेऊन गेले. आईच्या मागे मागे चालले. ती बोटांनी नाही, पायाच्या तळव्याने शोधते. एका जागी थांबली आणि म्हणाली, "इथून पुढे नाही काढायचं. पिल्लं आहेत."

"तुला कसं कळलं?"

"टोचत नाहीत. गुदगुल्या होतात."

मी खात्यात एकवीस वर्षं आहे. हे कुठल्याच अहवालात वाचलेलं नाही.

परत येताना अकेनेताने माझ्या करंडीत डोकावलं. मूठभर बून होते. ती म्हणाली, "एवढ्यावर तुझी आई जगेल होय? उद्या तराजू आण. पण एक वचन दे. तुझ्या त्या कागदात नोंद येईल, परवाना येणार नाही. दोन्ही एकाच ओळीत लिही. वेगवेगळ्या ओळीत लिहिलं की एक ओळ हरवते."

धोरण लिहिणाऱ्यांनी अकेनेताकडे शिकवणी लावावी.

२ मे, शुक्रवार

बारा ओहोट्या झाल्या. सव्वीस बायका, एकूण अठराशे बहात्तर किलो. याच दिवसांत गावातल्या अकरा होड्यांनी मिळून चौदाशे किलोच्या आतच मासळी आणली. हे मी मानेआबात, गावच्या सभागृहात, वाचून दाखवलं. मग एक म्हातारा म्हणाला, "वारा पडला होता." त्यावर बायकांनी जो गलका केला तो पलीकडच्या बेटावर ऐकू गेला असेल. नाच झाला. मीही नाचले. गुडघे दुखतायत, छान वाटतंय.

१४ मे, बुधवार

गोंधळ झाला. साहेबांच्या पायाला वात आला. बूट जाईना. म्हणाले, "सुवाला आता तुम्हालाच जावं लागेल. वरून परवानगी आणलीय."

मी म्हटलं, "माझ्यावर सहा अधिकारी आहेत."

"त्यांची नावं घातली तर कागद फिरायला महिना लागेल. आजारपणात बदली म्हणून पाठवलं की एका दिवसात होतं." आणि लंगडत निघून गेले. काल डावा पाय धरून बसले होते, आज उजवा लंगडत होता. वात फिरतो म्हणतात.

मला बजावलं आहे, बसायचं आणि टिपण घ्यायचं. मग दारातून वळून म्हणाले, "आणि विचारलं तर बोलायचं. न विचारताही विचारल्यासारखं वाटलं तर बोलायचं." म्हटलं ना, ठाम नाहीत.

१९ मे, सोमवार. सुवा

फिजीच्या विमानतळावर पिशवी उघडायला लावली. आईने वाळवलेल्या बुनाच्या दोन माळा दिल्या होत्या, भूक लागली तर म्हणून. तिथल्या तरुणाने अगदी नम्रपणे त्या काढून घेतल्या. बाहेरचं असलं काही आत आणता येत नाही. "आजी, माफ करा," म्हणाला. आजी! मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. मी त्याच्याकडून पावती मागून घेतली. एकवीस वर्षांची सवय, पावतीशिवाय काही देत नाही.

बसने सुवाला आले. पाऊस. खोलीत गादी इतकी मऊ आहे की शेवटी जमिनीवर चटई टाकली.

२० मे, मंगळवार

मी बोलले!

मोठं सभागृह, पंधरा बेटांची माणसं, प्रत्येकापुढे आपापला झेंडा. अध्यक्ष टोंगाचे सोसाइया, पर्वताएवढा माणूस आणि आवाज अगदी मऊ. मसुदा लिहिणारे सल्लागार साहेब दूर उत्तरेकडच्या थंड देशातले, चष्मेवाले, सतत घड्याळ बघणारे. माझ्या शेजारी तुवालूचे ईसाला बसले होते. ते नुई बेटावरचे आहेत, पूर्वी आमच्याकडची माणसं तिथे जाऊन राहिली, त्यामुळे आमचीच भाषा बोलतात, पण माझ्या पणजीच्या काळातली. ऐकून हसू येतं. केस पांढरे, हात नावाड्याचे. त्यांची बायकोही वारलेली आहे. हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

कलम चार आलं तेव्हा कुणी मला विचारलं नाही. पण विचारल्यासारखं वाटलं. मी हात वर केला आणि लिहून आणलेली ओळ वाचली: 'मच्छीमार म्हणजे नौकेतून, जाळ्याने, गळाने, किंवा ओहोटीला पायी जाऊन समुद्रातलं अन्न मिळवणारी व्यक्ती, पायी जाणाऱ्यांची नोंद ठेवावी, पण त्यांच्यावर परवाना लादू नये.' आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

सल्लागार म्हणाले, "शिंपले वेचणं ही मासेमारी नव्हे. व्याख्या बदलली तर नकाशे बदलावे लागतील." थोडी कुजबुज झाली. मग पडद्यावर माझी ओळ उमटली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सुंदर चौकटी कंस घातले. चौसष्ट पानांत कंस फक्त माझ्या वाक्याला! आईला फोन करून सांगितलं, "माझी ओळ वेगळी दिसावी म्हणून तिला चौकट केली आहे." आई म्हणाली, "देवाची कृपा."

२० मे, जेवणानंतर

ईसालांनी सांगितलं. आधी चहा आणून दिला, मग पपई, मग दुसरा चहा. मग खाली बघत म्हणाले, "त्या कंसाचा अर्थ एकमत नाही असा होतो. शेवटच्या दिवशी जी ओळ कंसात असते ती काढून टाकतात."

आईला काय सांगू?

"किती वेळ आहे?" मी विचारलं.

"परवा दुपारपर्यंत." मग म्हणाले, "तेबोरा, मी तुमच्या बाजूने आहे." नुईकडे बाईच्या नावाआधी मानाचं 'नेई' लावत नसावेत.

२१ मे, बुधवार

सकाळी ईसालांबरोबर बाजारात गेले. त्यांना म्हणे लिंबं घ्यायची होती. लिंबं घेतलीच नाहीत. बाजाराच्या एका बाजूला नुसत्या बायका होत्या. पानांवर हिरव्या समुद्री द्राक्षांचे, म्हणजे घोसासारख्या शेवाळाचे, ढीग, नदीतल्या शिंपल्यांचे ढीग. मी एकीला विचारलं, "होडी आहे का तुमच्याकडे?"

"नवऱ्याकडे आहे," ती म्हणाली. "तो तिच्यात झोपतो. मी पायी जाते."

मी आणि ईसाला इतके हसलो की तिने आम्हाला मूठभर द्राक्षं फुकट दिली. "दोघांनी मिळून खा," म्हणाली. आम्ही म्हटलं, हो, आम्ही एकाच बैठकीला आलोय. ती का हसत होती कळलं नाही.

त्यानंतर दिवसभर एकच काम केलं. चहाच्या वेळी, जिन्यात, हात धुताना, प्रत्येकाला गाठून विचारलं, "तुमच्याकडे ओहोटीला कोण जातं?" सॉलोमनचा उंच मुलगा म्हणाला, आत्या. सामोआच्या बाई म्हणाल्या, मी स्वतः, दर शनिवारी. कुणी 'कुणी नाही' म्हणालं नाही. सगळ्यांना घरची कुणीतरी आठवली आणि सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. पण चेहरा मऊ होणं वेगळं आणि सभेत हात वर करणं वेगळं. भीती वाटते आहे. मी आकडे लिहिणारी बाई. उद्या जमलं नाही तर अकेनेता काही बोलणार नाही, फक्त पाठ फिरवेल.

२२ मे, गुरुवार

कालची भीती गेली. नीट लिहून ठेवते.

अध्यक्ष म्हणाले, "कलम चार. कंसातली ओळ. एकमत नसेल तर काढूया." सल्लागारांनी पेन उचललं.

मी उभी राहिले. अठराशे बहात्तर किलोचं सांगितलं, अकरा होड्यांचं सांगितलं. सल्लागार नम्रपणे म्हणाले, "आकडे उत्तम आहेत, पण प्रश्न व्याख्येचा आहे. शिंपला म्हणजे मासळी नव्हे."

तेव्हा मला पिशवीतली पावती आठवली. ती काढली आणि वाचली: 'जप्त वस्तू: सुकी मासळी. नग: दोन माळा.' मी म्हटलं, "साहेब, विमानतळावर माझे बून मासळी होते. या सभागृहात शिरताना त्यांचा चिखल झाला. वाटेत काय झालं ते मला कळेना."

मग फिजीचे प्रतिनिधी पोट धरून हसू लागले. "आमचा विमानतळावरचा मुलगा बरोबर आहे!" म्हणाले. "मासळीच ती! माझी आई आमच्या रेवा नदीच्या मुखाशी आयुष्यभर शिंपले काढायची. त्यावर मी शिकलो." हे म्हणताना हसणं थांबलं आणि त्यांनी डोळे पुसले.

मग ईसाला उठले. म्हणाले, "अध्यक्ष महाराज, सभेच्या वेळेतून दोन मिनिटं मागतो. प्रत्येकाने सांगावं, लहानपणी आईने पायी जाऊन काय आणलं."

दोन मिनिटांचा पाऊण तास झाला. समुद्री काकडी, खेकडे, ऑक्टोपस, शेवाळ. पलाऊ आणि टोंगा यांचं शंख उकडायचा की भाजायचा यावर भांडण झालं. सामोआच्या बाईंनी करून दाखवलं, साळिंदरासारख्या काट्यांचा समुद्री जीव कसा फोडतात. अध्यक्ष सोसाइया म्हणाले, "माझ्या आईने आठ मुलं वाढवली. एकदाच होडीत बसली, पुन्हा कधी नाही. तिला बोट लागायची." आणि पर्वताएवढा माणूस हुंदका देऊन हसला.

शेवटी सगळे सल्लागारांकडे बघू लागले. त्यांनी घड्याळ बघितलं, मग ते काढून खिशात ठेवलं. म्हणाले, "आमच्याकडे किनारा फार थंड असतो. माझी आजी शिंपले काढायला जायची. तिचे हात लाल व्हायचे. मी तिला कधी मच्छीमार म्हटलं नाही." आणि पडद्यावरचे कंस त्यांनी स्वतः पुसले. आधी डावा, मग उजवा.

पूर्ण ओळ राहिली. परवान्याचा भागही. दोन्ही एकाच ओळीत.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा ईसालांनी माझा हात धरला होता. गर्दी फार होती, पडू नये म्हणून असेल.

३० मे, शुक्रवार. घरी

मानेआबात मोठी मेजवानी झाली. बाबाईचे कंद, डुक्कर, नीरा आणि अर्थातच बून. मला फुलांचा मुकुट घातला. अकेनेताने सगळ्यांसमोर मला कलम चार वाचायला लावलं, मग पुन्हा वाचायला लावलं, आणि मग पुरुषांना उठून म्हणायला लावलं. वाऱ्याचा मुद्दा काढणारा म्हातारा सगळ्यात मोठ्याने म्हणाला.

बारानिको साहेब नाचले. दोन्ही पायांवर, तासभर. मी म्हटलं, "औषध चांगलं लागलं." ते म्हणाले, "फारच." त्यांची बायको खोकत बाहेर गेली.

११ जुलै, शुक्रवार

पत्र आलं. नव्या धोरणाप्रमाणे नकाशे तपासायचे आहेत. आमचं खाजण राखाडीतून निघालं, निळं झालं. भराव पूर्ण रद्द नाही झाला, दुसऱ्या जागेचा विचार चालू आहे, आणि तिथल्या बायकांना आधी विचारायचं आहे. म्हणजे अजून काम आहे. पण पहिल्यांदाच कागदात 'विचारायचं' आहे.

आईची पिल्लांची जागाही नकाशावर आणायची आहे. तिने अट घातली. "खूण कर. पण नक्की कुठे ते पुरुषांना सांगू नकोस."

४ ऑगस्ट, सोमवार

पाहणीसाठी तुवालूकडून माणूस येतोय. ईसाला. तीन महिने राहणार. तुवालूत खाजण नावालाच आहे, पण ते म्हणतात शिकून घ्यायला हवं. जिद्दीचा माणूस आहे. पत्राच्या शेवटी लिहिलंय, 'लिंबं आणतो.'

आई नवी चटई विणतेय. मी म्हटलं, "एका माणसाला एवढी रुंद कशाला?" ती म्हणाली, "तू आकडेवाली ना? मोज."

मी मोजली. दोघांची निघाली. आणि बाजारातली ती बाई का हसत होती ते आज कळलं. अडीच महिने लागले. लिहितानाही कान तापलेत. सत्तेचाळिसाव्या वर्षी! पण पुसणार नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज गावात नोंदणीसाठी एक मुलगी आली. हातात पाटीसारखं यंत्र. नियमाने मी लांब बसले, कारण माझंच खातं. ईसाला नारळ सोलत होते.

मुलीने आईला विचारलं, "आजी, काम काय करता?"

"दर वेळी तुम्ही 'घरी असते' लिहून घेता," आई म्हणाली. "या वेळी काय काय आहे तुझ्याकडे?"

मुलीने वाचून दाखवलं. मच्छीमार, आणि त्याखाली दोन घरं: नौकेने, पायी.

"पायी," आई म्हणाली. अगदी हळू. मग मोठ्याने, "पायी!"

"किती वर्षांपासून?"

"चालायला लागले तेव्हापासून."

आई चौऱ्याहत्तरची आहे. मुलीने हिशेब केला आणि त्र्याहत्तर लिहिलं. यंत्राने नाही म्हटलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा नाही. बिचारीचा चेहरा पडला. "आजी, हे साठच्या वर घेतच नाही."

आईने जराशी मान तिरकी केली. बाहेर पाणी मागे हटायला लागलं होतं. ती करंडी घेऊन उठली.

"मग साठ लिही, पोरी," ती म्हणाली. "पहिली तेरा शिकण्यात गेली."